उन्हाला मांडलेला पाट

एका राज्यात एक राजा होता, आणि प्रजेचा त्याच्यावर इतका लोभ होता की त्या लोभापायी सारं नगर गारठून चाललं होतं. लोभाने कुणी गारठतं का, असं विचाराल. ऐका तर मग.

राजाचं नाव पुरंजय. नाव भारदस्त, स्वभाव लोण्यासारखा. त्याचा महाल नगराच्या उत्तरेला, टेकडीच्या माथ्यावर, नगराकडे तोंड करून उभा होता. कारण सकाळी उठल्या उठल्या आपली माणसं दृष्टीस पडली नाहीत तर राजाला चैन पडत नसे. आणि माणसांची रीत अशी, की राजाकडे पाठ म्हणून करायची नाही. दरबारातून निघालेला माणूस उलट्या पावलांनी टेकडी उतरे. उतरता उतरता कोणी शेळीवर आदळे, कोणी शेणाच्या पाटीत बसे. एक न्हावी तर उलटा चालता चालता थेट विहिरीत गेला, आणि विहिरीतही राजाकडे तोंड करूनच पोहत राहिला. त्याला वर काढल्यावर लोकांनी त्याची पाठ थोपटली.

माणसांची रीत मग घरांनीही उचलली. टेकडीच्या उतारावर ओळीने घरं होती, आणि एकूण एक घराचं दार उत्तरेला, राजाकडे. दक्षिणेची भिंत म्हणजे घराची पाठ. पाठीला कधी डोळे असतात का? म्हणून त्या भिंतीला ना दार, ना खिडकी, ना साधा झरोका. शिवाय दक्षिण पडली यमाची दिशा. तिकडे मुद्दाम कोण बघतंय? देमाजी तांबटाने तर घरावर माडी चढवली. का, तर संध्याकाळी राजाच्या दालनातला दिवा आपल्याला दिसावा. वरच्या ओळीत, त्याच्या समोरच, येसाई कासारणीचं घर होतं. त्या घरावर हिवाळाभर माडीची सावली पडून राही. पण दिवा राजाचा, तेव्हा येसाई चकार शब्द बोलली नाही.

आता सूर्याचं कसं असतं, हिवाळ्यात तो दक्षिणेच्या वाटेने खालून खालून जातो. जाता जाता या नगराकडे बघे, तर काय दिसे? पाठच पाठ. सारं नगर त्याच्याकडे पाठ करून बसलेलं. सूर्य सोशीक, वर्षानुवर्षं काही बोलला नाही. पण त्याला एक आत्या होती, आणि आत्या सोशीक नव्हती.

एका मार्गशीर्षात ही आत्या म्हातारीच्या रूपाने नगरात आली. हातात काठी, अंगावर विटकं लुगडं, गुडघे धरलेले. दारोदार फिरून ती एकच गोष्ट मागे.

"बायांनो, घरात कुठे उन्हाचा कवडसा आहे का? घटकाभर गुडघे शेकते."

बायांनी तिला गूळ दिला, पाणी दिलं, घोंगडी दिली. ऊन कुणापाशी नव्हतं. फिरता फिरता ती महालाशी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. राजाने तिला शेगडीपाशी बसवलं आणि आपली शाल स्वतःच्या हाताने तिच्या गुडघ्यांवर घातली.

"राजा, तू भला आहेस," म्हातारी म्हणाली. "पण मी ऊन मागितलं होतं."

"आई, उद्या सकाळी माझ्या ओसरीवर बसा. हवं तेवढं ऊन आहे."

"तुझ्या ओसरीवर आहे. तुझ्या माणसांच्या घरात नाही. हे तुला ठाऊक आहे?"

राजाला ठाऊक नव्हतं. त्याला दिसत ती फक्त दारं, आणि दारांत हसणारी माणसं.

म्हातारी उठून उभी राहिली आणि दालनात लखलखाट झाला. "मी सूर्याची आत्या. शाल घातलीस म्हणून शाप लहान देते. या नगरात ऊन कुणाच्या घरात येणार नाही, तुझ्याही नाही. दाराशी येईल, उंबऱ्याशी थांबेल, परत जाईल. तीन गोष्टी कराल तर शाप सुटेल. माझ्या भाच्याची हिवाळ्याची वाट शोधा. तुमच्या सर्वांत लांब सावलीची घडी घालून आणा. आणि घराघरात माझ्या भाच्याला पाट मांडा. हे सारं पुढल्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत. त्या दिवशी तो उत्तरेला वळेल. तोवर झालं नाही, तर तो पुन्हा या नगराकडे बघायचा नाही."

एवढं बोलून ती गेली. राजाची शाल मात्र तिने बरोबर नेली.

शाप लहान आहे असं सगळ्यांनाच वाटलं. ऊन काय, अंगणात आहेच की! वर्ष असंच सरत आलं. मग हिवाळ्यात नगरात बाळं जन्मू लागली, आणि शाप किती मोठा होता ते कळलं. जन्मलेल्या बाळाचं अंग गार, डोळे मिटलेले. बाहेर उन्हात नेलं की पापण्या किंचित हलत. पण बाहेर पौषाचा वारा सुरीसारखा, तान्ह्या जिवाला तो कसा सोसावा? आत आणलं की पापण्या पुन्हा मिटत. येसाई कासारणीचा नातू तसाच. आणि राजाची धाकटी लेक विभावती माहेरी बाळंत झाली, तिची मुलगीही तशीच. बारशाचा दिवस आला नि गेला. जिने जग पाहिलं नाही तिला नाव काय ठेवायचं? त्यातून बाळाला आत्याही नव्हती. विभावतीचा नवरा एकुलता एक. आत्यावाचून कानात नाव सांगणार कोण? पाळणा नुसताच हलत राहिला.

राजाची थोरली लेक उत्पला. लग्नाला नाही म्हणालेली, जिभेची तिखट, आणि हातात कोळसा असला की भिंतीवर घरंदारं, गल्लीबोळ रेखाटत बसणारी. माय मरो, मावशी जगो म्हणतात ते हिच्यासारखीला पाहूनच म्हणत असावेत. तिने भाचीचे गार तळवे आपल्या गालांना लावले आणि ती राजापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी जाते."

"कुठे?"

"सूर्याच्या वाटेवर. संक्रांतीच्या आत परत येते."

राजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. उत्पला वळली आणि भरभर टेकडी उतरली, सरळ पावलांनी, राजाकडे चक्क पाठ करून. बघणाऱ्या बायांनी तोंडावर पदर घेतले.

नगराच्या दक्षिणेला रान होतं. रानाच्या तोंडाशी भारद्वाज भेटला, काळा, तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा. तो उडत नव्हता, ऐटीत चालत होता.

"राजकन्ये, सकाळी मला पाहिलंस, तुझा दिवस शुभ जाईल," भारद्वाज म्हणाला.

"पक्षिराज, शुभ दिवस नको. सूर्याची हिवाळ्याची वाट हवी."

"ती मला ठाऊक आहे. पण मी उडण्याचा कंटाळा करतो. चालत यावं लागेल."

दोघं चालू लागली. भारद्वाज वाटेत किडे टिपी, गोगलगायींशी बोले, आणि उत्पलेने घाई केली की फुरंगटून झुडपात बसे. शेवटी डोंगराच्या कडेला ती वाट दिसली. बैलगाडीच्या चाकोरीएवढी रुंद, आणि दोन्ही बाजूंचं गवत करपलेलं. दुपारी सूर्य तिच्यावरून गेला. इतका खालून गेला की उत्पलेच्या पदराची कड पिवळी पडली.

"आता वर बघ," भारद्वाज म्हणाला.

वर, थेट डोक्यावर, आभाळात दुसरी एक वाट होती, पुसट, सध्या ओस पडलेली.

"ती उन्हाळ्याची. तेव्हा स्वारी डोक्यावरून जाते. दक्षिणेच्या भिंतीवर हातभर छज्जा काढलास तर ती घरात डोकावतसुद्धा नाही. हिवाळ्यात मात्र तोच सूर्य छज्ज्याखालून वाकून आत येतो. एकाच छज्ज्याची दोन कामं. पण तुमच्या भिंतीला भोक असेल तर ना!"

उत्पलेने त्या वाटेवरचा एक तापलेला खडा उचलून ओच्यात बांधला. पहिली गोष्ट झाली.

सावल्या मिळत काजळ्या जादूगाराच्या घळीत; भारद्वाज तिला तिथे घेऊन गेला. काजळ्या उंच होता, बारीक होता, आणि जगातल्या तऱ्हेतऱ्हेच्या सावल्या त्याने घड्या घालून खुंट्यांवर टांगल्या होत्या. वडाच्या, किल्ल्यांच्या, उंटांच्या. घळीच्या पोटात रांजणांची रांग होती. त्यांच्या झाकणांखालून पिवळा उजेड पाझरत होता.

"काय हवं?" काजळ्याने विचारलं.

"माझ्या नगरातली पौषातली सर्वांत लांब सावली."

"सावली कशाला नेतेस, वेडे? ऊन ने. हे रांजण उन्हाचे आहेत. एक पाळण्याखाली उघड. तुझी भाची आजच डोळे उघडेल."

उत्पलेने रांजणावर हात ठेवला. रांजण उबदार होता. तान्ह्या बाळाचं डोकं असावं तसा. तिला रडू आलं. तिने भारद्वाजाकडे पाहिलं.

"यात खोटं काही नाही," भारद्वाज म्हणाला. "पण रांजणाला शाप आहे. ज्या घरात उघडेल ते घर उजळतं, आणि आजूबाजूच्या घरांतला उरलासुरला उजेड ओढून घेतं."

खरं सांगायचं तर तोवर उत्पलेने झाकण अर्धं उचललं होतं. आणि मी तिला दोष देणार नाही. तुमच्या-माझ्या हातून ते पुरतं उघडलं असतं. पण तिला येसाईच्या घरचा पाळणा आठवला. महालाच्या पायथ्याशीच ते घर. तिने झाकण परत ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "सावलीच द्या."

"सावलीला सावली. तुझी दे."

उत्पलेने जराही विचार केला नाही. काजळ्याने तिच्या टाचांपासून तिची सावली अलगद सोडवली, झटकली आणि खुंटीला लावली. मग एक लांबलचक घडी तिच्या खांद्यावर ठेवली. सावली थंडगार होती आणि तिला तांब्याचा वास येत होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी उत्पला भारद्वाजासह नगरात पोचली. तिने आधी खांद्यावरची घडी चौकात सोडली. सावली सळसळत उलगडली, आपलं घर ओळखून देमाजी तांबटाच्या माडीखाली जाऊन चिकटली, आणि तिथून जी पसरली ती येसाईच्या घरावर चढली आणि भिंतीतून आत जाऊन पाळण्यावर थांबली.

देमाजी बघत राहिला. मग खाली बसला.

"माझी माडी?" तो म्हणाला. "मी तर राजाचा दिवा बघायला बांधली हो, येसाई. तू बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तू संध्याकाळी वर चढून हात जोडायचास. ते मला घरामागून दिसायचं. बरं वाटायचं बघून."

देमाजीने त्याच क्षणी शिडी लावली आणि माडीची कौलं उतरवायला घेतली. ते पाहून ज्यांच्या ज्यांच्या माड्या होत्या त्यांनी त्यांनी शिड्या लावल्या. उत्पला सांगत फिरली: जिथे सावली संपते तिथे पुढलं घर सुरू होऊ द्या, त्याआधी नको. लोकांनी माना डोलावल्या. इथवर सगळं सुरळीत झालं. मग ती म्हणाली, "आता दक्षिणेच्या भिंती फोडा. दारं तिकडे करा, वर हातभर छज्जा काढा. सूर्याला पाट मांडू."

हातोडे थांबले.

"दार दक्षिणेला?" येसाई म्हणाली. "मग घराची पाठ कुणाकडं होईल, ताईसाहेब? राजाकडं?"

"होऊ दे. राजा रागावणार नाही."

"राजा नाही रागावायचा. ते का आम्हाला ठाऊक नाही? त्याच्या मनाला लागेल. सकाळी उठून बघंल, तर दारात कुणीच नाही. आणि बोलायचा नाही बापडा, हसंल नुसता. नाही बाई. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अगं, तुझा नातू..."

"म्हणून तर काळीज फाटतंय!" येसाई ओरडली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

देमाजी हळूच म्हणाला, "शिवाय ताईसाहेब, दक्षिणेला यम राहतो. लेकरांचं आधीच असं. त्याच्या वाटेवर दार कसं उघडावं?"

उत्पलेची जीभ तिखट खरी, पण रागवावं तर कुणावर? ती महालात आली आणि बापाच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं. येसाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. राजा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले.

"एवढंच ना?" तो म्हणाला.

संक्रांतीला उजाडायच्या वेळी राजाने जोडे घातले, देवघरातला एक साधा पाट काखेत मारला, आणि विभावतीला म्हणाला, "बाळाला घे. येसाईकडे जाऊन बस." मग तो टेकडी उतरला. गल्लीगल्लीतून चालत तो नगर ओलांडून गेला, दक्षिणेची वेस ओलांडून गेला, आणि जिथे कुणी कामाशिवाय फिरकत नसे त्या यमाच्या दिशेच्या उघड्या माळावर त्याने पाट मांडला. नगराकडे तोंड करून त्यावर बसला. छत्र नाही, मंडप नाही. आपली सावली कुणावर पडू नये म्हणून.

देमाजी धावत मागे गेला होता. "महाराज, तिथे नको! तो यमाचा रस्ता आहे!"

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "म्हणून तर मी बसलो. आता तुमच्याकडे यायचं तर त्याला मला ओलांडून यावं लागेल."

देमाजी उलट्या पावलांनी परत पळाला आणि वाटेत दोनदा पडला. "अरे, राजा दक्षिणेला बसलाय!" तो बोंबलत सुटला. "आपली घरं त्याच्याकडे पाठ करून बसलीत! सगळी!"

मग काय विचारता! असा गोंधळ त्या नगराने कधी पाहिला नव्हता. पहारी निघाल्या, घण निघाले, वरवंटे निघाले. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटले होते त्या दणादणा फुटू लागल्या. विटांची धूळ आभाळाला भिडली. जो तो भगदाडातून डोकं काढी, लांबवर माळावर बसलेला राजा बघे आणि हात जोडी. देमाजीची माडी गेल्यामुळे येसाईच्या घरातून माळ सरळ दिसत होता. राजा अगदी एवढासा दिसत होता. त्याच्या पाठीमागे सूर्य वर चढत होता.

ऊन आलं. घराघराच्या नव्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. बायांनी पाट मांडले, पाटाभोवती रांगोळी काढली, तिळगूळ ठेवला. येसाईच्या घरात दोन पाळणे शेजारी शेजारी होते. उत्पलेने पाट मांडला, त्यावर तो तापलेला खडा ठेवला आणि म्हणाली, "या, बसा."

ऊन हललं नाही.

दुपार झाली. ऊन उंबऱ्याशीच. विभावती बाळाचे पाय चोळत होती आणि पाय गारच होते. आता थोड्याच वेळात सूर्य वळणार होता. उत्पलेने भारद्वाजाला हाक मारली.

"एक पाट राहिला आहे," भारद्वाज कुंपणावरून म्हणाला.

"कुणाचा? मी घरन्‌घर पाहिलं."

"तुझ्या बापाचा. महाल सोडला, आता त्याचं घर म्हणजे तो माळ. आणि तिथल्या एकुलत्या एका पाटावर तो स्वतः बसला आहे."

हे बोलून भारद्वाजाने जन्मात पहिल्यांदा मन लावून पंख उघडले आणि तो माळाच्या दिशेने उडाला. येसाईच्या भगदाडातून सगळ्यांनी पाहिलं. राजा पक्ष्याचं ऐकून हसला. गुडघ्यांवर हात टेकून उठला. पाट उपरण्याने पुसला. मग बाजूला, मातीत, मांडी घालून बसला आणि त्याने सूर्याला हाताने खूण केली, बसा.

सूर्य बसला.

त्याच क्षणी घराघरात ऊन उंबरा ओलांडून आत आलं. पाटावर बसलं, रांगोळीवर सांडलं, कोपऱ्यातल्या उतरंडीवर चढलं. येसाईच्या घरात ते एका पाळण्यावरून दुसऱ्या पाळण्यावर गेलं. कासारणीचा नातू आधी शिंकला. मग राजाच्या नातीने डोळे उघडले. काळेभोर, मोठे, मावशीसारखे. तिने पुढ्यातल्या भगदाडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्या नगराने कधी ऐकलं नव्हतं. येसाई विभावतीच्या गळ्यात पडली. देमाजी दारात उभा राहून तोंडात मूठ घालून रडत होता.

त्यानंतर नगर बदललं, पण फार नाही. राजा माळावरच राहिला. त्याने तिथे एक बसकं घर बांधलं, देमाजीच्या घराहून बुटकं. महाल रिकामा झाला, तिथे नगरच्या बाया पापड-कुरडया वाळत घालू लागल्या. नवीन पेठ वसवायची झाली की उत्पला माडी गेल्यावर सुटलेल्या त्या सावलीची घडी घेऊन जाई आणि घरांमधलं अंतर आखून देई. तिची स्वतःची सावली तिला परत मिळाली नाही. पण तिने ती कधी मागितलीही नाही. ती जिथे उभी राही तिथे कुणाचं ऊन अडत नसे, आणि हिवाळ्यात म्हाताऱ्याकोताऱ्या तिला मुद्दाम आपल्यापुढे उभं करत. लोक अजूनही राजाकडून निघताना उलट्या पावलांनीच निघतात; पण आता उलटे चालत ते आपल्या घरी पोचतात तेव्हा तोंडावर ऊन असतं.

आणि बारसं? ते माघात झालं. पाळणा सजला, बाया जमल्या, नि पुन्हा तीच अडचण आली. बाळाला आत्या नाही. तेवढ्यात दारात काठी वाजली. विटकं लुगडं, आणि खांद्यावर राजाची शाल.

"मी चालेन का?" म्हातारीने विचारलं. "मला एक भाचा आहे. त्याच्या उन्हाने डोळे उघडलेली ही पोर त्याचीच."

राजाने तिला उन्हात पाट दिला. घटकाभर गुडघे शेकून ती उठली, पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र... उदिता." आणि रीतच आहे ती, आत्याने नाव सांगितलं की बायांनी तिच्या पाठीत धपके घालायचे. सूर्याची आत्या म्हणून कुणी गय केली नाही. सगळ्यांत मोठा धपका येसाईने घातला, आणि आत्या खो-खो हसत सुटली.

जसं त्यांच्या घराला ऊन मिळालं, तसं तुमच्या-आमच्या घरात येवो, आणि आलं तर त्याला बसायला पाट असो.